व्हानहून आणलेले तीन शर्ट

तब्रीझ यायला पाऊण तास उरला होता, तेव्हा हैबतने आपल्या बॅगेतून एक काळा शर्ट काढला आणि इस्राफीलच्या मांडीवर ठेवला.

"हा घाल," तो म्हणाला.

इस्राफील खिडकीशी बसून पाव आणि चीज खात होता. शर्ट त्याने लगेच ओळखला. आदल्या दिवशी सकाळी व्हानच्या बाजारात हैबतने असे तीन शर्ट घेतले होते, आणि दुकानदाराशी घासाघीस इस्राफीलनेच केली होती. हैबतला घासाघीस जमत नाही. सांगतील तो भाव देऊन मोकळा होतो.

"मला कशाला? माझा काय मळलाय?"

हैबत स्वतःच्या शर्टाची बटणं काढू लागला. वरच्या बाकावरून जब्बार खाली उतरला. झोपताना त्याच्या अंगात निळा स्वेटर होता. आता काळा शर्ट होता, घडीच्या रेघा तशाच असलेला.

"कोण?" इस्राफीलने विचारलं.

"वहिनी," जब्बार म्हणाला.

"आजारी आहे?"

"नाही."

तोंडात घास होता. थुंकायचा कुठे, म्हणून त्याने तो चावून गिळला.

"कधी?"

"काल पहाटे."

"आणि दफन?"

जब्बारने हैबतकडे पाहिलं. हैबत बाहीत हात अडकवून उभा होता.

"काल दुपारी," हैबत म्हणाला. "चार वाजता. हृदय थांबलं, इस्राफील. झोपेतच. काही त्रास झाला नाही."

काल दुपारी चार वाजता आपण कुठे होतो, हे इस्राफील आठवू लागला. आठवायला वेळ लागला नाही. तळ्याकाठच्या चहाच्या दुकानात बसून तो एका नवरदेवाची गोष्ट सांगत होता, ज्याने लग्नाला दोन्ही डाव्या पायांचे बूट शिवून घेतले होते. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जब्बारही डोळे पुसत होता.

त्याने शर्ट घातला. गळा बरोबर बसला. दुकानात हैबतने त्याला विचारलं होतं, तुझा गळा किती रे, आणि त्याने सांगितलं होतं, बेचाळीस.

*

या सहलीची भुणभुण जब्बारने महिनाभर लावली होती. जब्बारचं चामड्याचं दुकान इस्राफीलच्या दुकानाला लागूनच. मधली भिंत इतकी पातळ की एकाने शिंकलं तर दुसरा 'सलामत राहा' म्हणतो. इस्राफील चाळीस वर्षं हाताने बूट शिवत होता आणि ती चाळीस वर्षं चामडं जब्बारकडूनच घेत होता. हैबत तिसरा. आधी बस चालवायचा, आता निवृत्त. तिघं एका गल्लीत वाढलेले.

"रात्री गाडीत बसायचं, सकाळी व्हानला उतरायचं," जब्बार सांगायचा. "दुसरा देश, पण भाषा आपलीच. थोडी बोबडी बोलतात एवढंच. नाश्त्याला तीस तऱ्हा मांडतात. आणि तुला नको असेल तर तू लिंबूपाणी पी, मी माझं बघतो."

"तुझं बघायला मला कशाला नेतोस?"

"मला उचलून हॉटेलवर आणायला. हैबतची कंबर गेली आहे."

इस्राफीलला जायचं नव्हतं. दोन जोड्या अर्ध्या शिवून पडल्या होत्या. पण फीरूजेनेही तोच सूर लावला. ती सहसा त्याला कुठे जा म्हणणारी नव्हती.

"जा की उस्ता," ती म्हणाली. "चार दिवस तुमच्या पायाला चिकटलेला दोरा-मेण घरभर सांडणार नाही. मी खोल्या झाडून घेईन."

तो कारागीर म्हणून सगळा बाजार त्याला उस्ता म्हणायचा. ती मात्र ते थोडं चिडवायला म्हणायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिला शिवलेला बूट घोट्याला लागला होता, तेव्हापासून.

सोमवारी संध्याकाळी तो निघाला. फीरूजेने दारात कुराण वर धरलं, तो खालून वाकून गेला. तिच्या हातात पाण्याचा वाडगा होता, निघालेल्या माणसाच्या मागे ओतायचा. आता त्याने म्हणायचं होतं, हलाल कर, माझं काही चुकलंमाकलं असेल ते सोडून दे. जाणाऱ्याने म्हणायचं आणि राहणाऱ्याने 'हलाल' म्हणून त्याला मोकळं करायचं. पण तो तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली:

"मला हलाल करा."

तो हसला. "अगं, उलटं झालं. प्रवासाला मी चाललोय."

"तरी म्हणा."

"तुला धुळीचं काम आहे फक्त. खोल्या झाडायला निघालेल्याला कोण हलाल करतं?"

खाली जब्बार टॅक्सीचा हॉर्न वाजवत होता. हैबत ओरडला, "अरे, रेल्वे काय तुझ्या सासऱ्याची आहे का?" इस्राफील जिना उतरला. मागे पाणी पडल्याचा आवाज त्याने ऐकला. वळून पाहिलं नाही. पाणी ओतल्यावर वळून बघू नये.

*

गाडीत चार बाकांचा डबा होता आणि चौथा बाक रिकामा. हैबतने उकडलेली अंडी काढली, जब्बारने पत्ते काढले. रात्री सीमेवर सगळ्यांना खाली उतरवलं. थंडीत रांग लावून शिक्का मारून घेताना अधिकाऱ्याने इस्राफीलला विचारलं, कशासाठी चाललात. तो म्हणाला, "हे दोघं नेताहेत. मलाही माहीत नाही." जब्बार इतका हसला की अधिकाऱ्याने त्याचा पासपोर्ट दोनदा तपासला.

मंगळवारी सकाळी ते व्हानला उतरले. जब्बार म्हणाला होता त्यातलं बरंच खरं निघालं. भाषा कळत होती. सीमेपलीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दुकानांच्या पाट्या फारसीत होत्या. नाश्त्याला टेबल दिसेनासं होईल इतक्या बशा आल्या. एक डोळा निळा आणि एक पिवळा असलेली पांढरी मांजर इस्राफीलच्या पायावर येऊन झोपली. त्याने दुपारी फीरूजेला फोन लावला, तो लेकीने, सेविलने, उचलला.

"आई अंघोळीला गेलीय, बाबा."

"तिला सांग, इथल्या मांजरांचे दोन डोळे दोन रंगांचे असतात."

"सांगते."

"आणि म्हणावं, हिरवा पाला घातलेलं चीज आणतोय. डबाभर."

"सांगते, बाबा."

त्या संध्याकाळी जब्बारला चेव आला. जेवताना त्याला फोन आला, तो बाहेर जाऊन बोलला आणि परत आला तो हात पसरूनच. दोन ग्लास बिअरमध्ये त्याने अख्ख्या खानावळीला नाचवलं. म्हाताऱ्या मालकाला खुर्चीवरून उठवलं. इस्राफीलचा मुका घेतला.

"सोड, तोंडाला वास येतोय तुझ्या."

"येऊ दे. आज येऊ दे." 

इस्राफीलला वाटलं, चढली.

बुधवारी नाश्त्याच्या वेळी हैबतचा फोन वाजला. तोही बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. जब्बार त्याला बघायला गेला, मग तोही आला नाही. इस्राफीलने तिघांची अंडी खाल्ली. परत आले तेव्हा हैबत म्हणाला, जावयाची गाडी ठोकली गेली, फार काही नाही.

"मग तुझं तोंड असं का? जावई चांगला आहे ना?"

"आहे."

"मग गाडी गेली खड्ड्यात."

हॉटेलच्या दाराशी एक ड्रायव्हर ओरडत होता. "सीमा, सीमा. पलीकडे खोय गावची टॅक्सी उभी. दुपारी तब्रीझ. एक जागा राहिली, एकच." इस्राफीलच्या बाहीला धरून म्हणाला, "चला काका, चारच्या आत घरी पोचवतो."

"माझ्याकडे रात्रीच्या गाडीचं तिकीट आहे," इस्राफील म्हणाला. "आणि घरी झाडझूड चाललीय. लवकर गेलो तर हातात झाडू देतील."

ड्रायव्हर हसला. हैबत आणि जब्बार हसले नाहीत. तेव्हा साडेआठ वाजले होते. हॉटेलच्या घड्याळात त्याने पाहिलं होतं, कारण बाजार केव्हा उघडतो ते त्याला जब्बारला विचारायचं होतं.

मग ते बाजारात गेले. हैबतने शर्ट घेतले.

"दोघं एकाच लग्नाला जाणार काय?" इस्राफीलने विचारलं. "आणि लग्नाला काळे? आणि तिसरा कुणाला?"

"राहू दे एक जास्तीचा," हैबत म्हणाला.

इस्राफीलने कापड उलटं करून शिवण पाहिली, दोरा कच्चा आहे म्हणाला, आणि भाव पाडला. मग ते किल्ल्यावर चढले. वर जब्बार तटाला टेकून रडत होता. "वारा फार आहे," तो म्हणाला. वारा होता खरा.

घरी दोनदा फोन लावला. एकदा लागला नाही. एकदा सेविलने उचलला आणि आई झोपलीय म्हणाली. तिचा आवाज बसला होता. सर्दी झालीय, ती म्हणाली. मागे माणसांचा आवाज येत होता. इस्राफील म्हणाला, एवढे पाहुणे घरात असताना तुझी आई झोपते कशी?

"दमलीय, बाबा," सेविल म्हणाली.

*

स्टेशनवर सेविल आणि तिचा मामा नादिर उभे होते. इस्राफीलच्या हातात चीजचा डबा होता. तो कुणीतरी घेतला. घराच्या गल्लीत, न्हाव्याच्या दुकानापासून थेट त्याच्या दारापर्यंत, भिंतीवर फीरूजेच्या नावाची पत्रकं चिकटवलेली होती. खाली शोकाकुल म्हणून त्याचं नाव पहिलं. सगळ्या गल्लीने ते त्याच्या आधी वाचलं होतं.

"थांबायचं होतं माझ्यासाठी," तो नादिरला म्हणाला.

"मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, दाजी."

"सकाळी कळवलं असतं तर मी चारला पोचलो असतो."

"परक्या मुलखात, रस्त्यात, असली बातमी कोण देतं? वाटेत तुमचं काही झालं असतं तर?"

सेविल म्हणाली, "मामा म्हणाले, बाबा. मी काय करणार?"

घर स्वच्छ झाडलेलं होतं. निदान तेवढं खरं निघालं.

तिसरा दिवस झाला, सातवा झाला. माणसं आली, हलवा खाल्ला, गेली. जब्बार आणि हैबत रोज यायचे, दारात उभं राहून आल्यागेल्याला चहा द्यायचे. इस्राफील त्यांच्याशी बोलत होता. साखर संपली, खुर्च्या कमी पडताहेत, इतपतच. दुकानात परत जायला लागल्यावर त्याने चामडं गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून आणलं. पातळ भिंतीपलीकडे जब्बार शिंकला, तेव्हा त्याने काही म्हटलं नाही.

*

चाळीसावा दिवस झाला, तसे ते दोघं संध्याकाळी कागदात गुंडाळलेला शर्ट घेऊन आले. राखाडी रंगाचा. चाळीसाव्यानंतर घरच्यांचा काळा उतरवायला जवळच्यांनी रंगीत कपडा घेऊन यायचं, अशी पद्धत आहे. इस्राफीलच्या अंगात अजून व्हानचाच शर्ट होता. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. काखेत शिवण उसवली होती. दोरा कच्चा आहे हे त्याने आधीच सांगितलं होतं.

सेविल चहा ठेवून गेली. हैबत म्हणाला, "उतरव आता. वहिनींना बरं वाटणार नाही."

"तिला काय वाटेल ते तुला माहीत?"

"तसं नाही."

जब्बार कधी गप्प बसू शकला नाही, आताही बसला नाही. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "मंगळवार ठरला तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, वहिनी, त्याला सांगा, तो लहान नाही. पण त्यांनी—"

तो थांबला. हैबतने डोळे मिटले.

"कुठला मंगळवार?"

जब्बार चहा ढवळू लागला.

"जब्बार. कुठला मंगळवार ठरला होता?"

"ऑपरेशनचा," जब्बार म्हणाला. "हृदयाची झडप होती."

मग सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपासून तिला धाप लागत होती. डॉक्टरांनी तारीख दिली. ती जब्बारच्या दुकानात आली, इस्राफील नमाजाला गेला असताना, आणि म्हणाली, यांना त्या आठवड्यात कुठेतरी घेऊन जा. पाच वर्षांपूर्वी तिचं पित्ताशय काढलं होतं, तेव्हा इस्राफीलने दवाखान्याच्या रखवालदाराशी भांडण केलं होतं, मग त्याचाच रक्तदाब इतका चढला की त्याला तिच्याच मजल्यावर भरती करावं लागलं होतं. 'दोन खाटा सेविलला झेपणार नाहीत', ती म्हणाली होती. 'ते परत येतील तेव्हा मी घरी असेन. तेव्हा मीच सांगेन. रागावतील, मग चीज खातील.'

"कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली," जब्बार म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी सेविलचा फोन आला, नीट झालं म्हणून. मी नाचलो. आठवतंय?"

"मला वाटलं तुला चढली."

"दोन ग्लासांत?"

इस्राफीलने चहाचा पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"मंगळवारी शपथ होती," तो म्हणाला. "बुधवारी पहाटे ती मेली. मेल्यावर शपथ कुणी घातली?"

"नादिर म्हणाला—"

"नादिर तब्रीझमध्ये होता. तुम्ही माझ्यासमोर होता. तो ड्रायव्हर माझी बाही धरून उभा होता, एक जागा आहे म्हणत. मी तिघांची अंडी खाल्ली. तुम्ही मला माझाच काळा शर्ट घ्यायला नेलंत आणि मी त्याचा भाव केला."

"मग काय रस्त्यावर सांगायचं होतं?" हैबत म्हणाला. त्याचा आवाज चढला. "आणि तू काय केलं होतंस? मशहदच्या यात्रेला? तीस वर्षं झाली. माझा बाप गेल्याचा फोन तुला आला होता, धर्मशाळेत. दोन दिवस बसमध्ये तू मला विनोद सांगत आणलंस. म्हणालास, म्हाताऱ्याला जरा ताप आहे."

"तू नंतर माझे आभार मानलेस."

"मानले. कारण मानायचे असतात. मला तुझा खून करावासा वाटत होता."

हे इस्राफीलला नवीन होतं. तो हैबतकडे बघत राहिला. तीस वर्षं हैबतने हे पोटात ठेवलं होतं, इस्राफीलच्या मुलीच्या लग्नात दारात उभं राहून पाहुणे घेतले होते.

"मग तेच माझ्याशी का केलंस?"

हैबतने पेला बाजूला सरकवला. "दुसरं काय करतात, ते मला माहीत नाही," तो म्हणाला.

सेविल आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला वाटलं होतं बाबा ओरडतील, पण बाबांनी तिच्याकडे पाहून फक्त विचारलं, "त्या दिवशी मांजरांचं तिला सांगितलंस का?"

"तेव्हा ती आत होती, बाबा. ऑपरेशनला."

"नंतर?"

"रात्री एकदा शुद्धीवर आली. तेव्हा सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणजे उस्ता मजेत आहेत." सेविलने डोक्यावरच्या रुमालाने नाक पुसलं. "मग विचारलं, तिकडून काही म्हणाले का? मी म्हटलं, चीज आणताहेत. तर म्हणाली, ते नव्हे."

इस्राफीलने दाराकडे पाहिलं.

जब्बार आणि हैबत उठले. दारात, जिथे फीरूजे वाडगा घेऊन उभी राहिली होती, तिथेच जब्बार थांबला. "आम्हाला हलाल कर, इस्राफील," तो म्हणाला. "दोघांनाही."

इस्राफील म्हणाला, "जिन्यातला दिवा गेलाय. जपून उतरा."

ते गेले. त्याने कागदात गुंडाळलेला शर्ट उचलून कपाटावर ठेवला. चीजचा डबा अजून फ्रिजमध्ये होता, न फोडलेला. सेविल म्हणाली, बाबा, जेवायचं का, आणि तो म्हणाला, हो.

त्यानंतर तो दर गुरुवारी कबरस्तानात जातो. दगडावर पाणी ओततो, दोन बोटं टेकवून फातिहा म्हणतो, बूट पुसतो आणि परत येतो. तिच्या आजूबाजूला कोण कोण आहे, कुणाच्या दगडाची अक्षरं गेली आहेत, सगळं त्याला पाठ झालं आहे. काखेतली शिवण त्याने स्वतःच मेणाच्या दोऱ्याने घातली, आता ती शर्ट फाटला तरी सुटायची नाही. जब्बारला आणि हैबतला त्याने अजून हलाल केलेलं नाही. आणि फीरूजेने दारात दोनदा मागितलं होतं, ते तिलाही अजून म्हटलेलं नाही.